नदीचे की तलावाचे

२ एप्रिल १९७९, सोमवार

ही वही अर्धी कोरी राहिली होती. शिंपल्यांची मापं आणि चित्रं वेगळ्या वहीत आहेत, इथं बाकीचं लिहायचं. मागची पानं चाळली तर बाकीचं म्हणजे बहुतेक धास्तीच आहे. साप, तपासनीस, लेकीचा, विशाखाचा ताप, बदलीची अफवा. सुमनला वाचून दाखवलं तर हसेल.

जूनमध्ये या हायस्कुलात मला दोन वर्षं पुरी होतील. नोकरी कायम करायची की नाही ते संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव ठरवणार. आज त्यांनी वर्गाबाहेर बोलावून सांगितलं, "मास्तर, यंदाच्या प्रदर्शनात भंडाऱ्याले आपल्या शाळेचं नाव निघालं पायजे. मंग तुमच्या ऑर्डरचं पाहून घेऊ." हसून बोलले. ते हसून बोलले की मला जास्त भीती वाटते.

प्रदर्शनासाठी मी शिंपले घेतले आहेत. आपल्याकडे दोन जाती सापडतात, एक वैनगंगेच्या वाळूत आणि एक गावच्या तलावाच्या गाळात. एकाच घराण्यातल्या आहेत, पुस्तकात त्यांची चित्रंही शेजारी-शेजारी. नदीतला शिंपला आखूड, जाड, हातात वजनदार लागतो. वाळूनं घासून त्याच्या पाठीवरचा उंचवटा पांढरा पडलेला असतो. तलावातला लांबट, पातळ, हिरवट, आणि आतून त्याला निळसर झाक असते. पूर्ण वाढले की कुणीही ओळखेल. लहान असताना मात्र दोन्ही सारखेच काळपट दिसतात. मग उघडून बिजागरी पाहावी लागते. तिथला लांब दात नदीवाल्याचा जाड आणि रेघाळ, तलाववाल्याचा पात्यासारखा. पुष्कळ शिंपले उघडून पाहिल्यावर हे माझ्या लक्षात आलं. कितीतरी दिवसांनी एखाद्या गोष्टीची मला खात्री वाटते आहे.

विज्ञानाची खोली नावाला विज्ञानाची. अर्ध्या खोलीत पुंडलिकरावांचं शेतीचं सामान असतं, खताची पोती, फवारणीचा पंप, वरच्या फळीवर एंड्रिनचे दोन डबे. मुलांच्या डोक्यावर विष ठेवलं आहे हे मुख्याध्यापकांना सांगायचं मनात येतं. खोलीची एक किल्ली माझ्याकडे आहे, दुसरी शिपाई गोमाजीकडे.

६ एप्रिल, शुक्रवार

सकाळी धुरपता टरफलं घेऊन आली. ही ढिवराची बाई, नत्थूची बायको, मासे आणि शिंपले विकते. तिच्यामुळेच माझं काम चाललं आहे. ओसरीवर टोपली ठेवत म्हणाली, "मांस आमी खातो, टरफलं सर नेते. वाटणी बराबर झाली." सुमन आतून म्हणाली, "टरफलाची भाजी कशी करायची थेही विचारून घे त्याईले." दोघी हसल्या.

मी विचारलं, यात तलावाचे काहून नाहीत? ती म्हणाली, "पुंडलिकरावनं कोणाले उतरू नका म्हणून सांगतलं जी. माशाचा ठेका त्याचा, कबूल हाये. पण शिंपल्याचा ठेका कधी कोणी घेतला का? माझी आजी काढे, माय काढे. मासा ठेकेदाराचा, पण गाळातलं जे हाताले लागते थे बायांचं. आता नदीवर जाऊन राहिली मी. पाय भाजते रेतीत."

नत्थू हल्ली पुंडलिकरावांकडेच तलावाच्या राखणीला आहे. ठेका संपत आला, नवा कुणाला मिळेल ठाऊक नाही, म्हणून पुंडलिकराव सगळे मासे काढून घेणार असं गावात बोलतात.

शाळेत गेलो तर विज्ञानाच्या खोलीत उग्र वास कोंडला होता. फळीवर एकच डबा. दुसरा कुणीतरी नेला, नेताना थोडं सांडलं असावं. आता बांध्यांत धान नाही, मग औषध कशाला नेलं कळत नाही. वांग्यांवर मारायचं असेल. मी खिडक्या उघडून मुलांना झाडाखाली बसवलं.

८ एप्रिल, रविवार

तलावातून आज टेम्पो भरून मासे गेले. रोहू, कतला, एकेक मांडीएवढा. पाणी आटून तलावाचा कोपऱ्यातला खोलगट भागच उरला आहे, तिथं मासे आपोआप वर आले म्हणे. बाहेरचा व्यापारी बर्फ घालून घेऊन गेला. गावात एकही मासा विकला नाही, दरवर्षी विकतात. पुंडलिकराव मोठ्या व्यापाराला लागले की गावाला विसरतात, असं मी सुमनला म्हटलं. ती म्हणाली, "त्याईच्या घरीही मासा शिजला नाही आज. मी पाणी भरायले गेली होती, त्याईची कामवाली सांगे, वरण होतं." श्रीमंतांची चिक्कूगिरी अशीच असते.

तलावावरून येताना नत्थू दिसला होता. हातपंपाखाली बसून राखेनं कोपरापर्यंत हात घासत होता. मी हाक मारली, त्यानं मान वर केली नाही. डोळे लाल होते. मोहाची जास्त झाली असावी.

९ एप्रिल, सोमवार

धुरपता दुपारी टोपलीभर जिवंत शिंपले घेऊन आली. लहान आकाराचे, घट्ट मिटलेले. "नदीचे हायेत," म्हणाली आणि घाईनं पुढं गेली. एरवी पाणी पिऊन, दोन गोष्टी करून जाते.

सुमननं वाटण करून ठेवलं होतं. मी ते शिंपले घमेल्यात पाणी घालून ठेवून दिले. चित्रासाठी जिवंत हवेच होते. सुमन चिडली. "वाटण आता तुमच्या वहीवर लावा." विशाखा रडायला लागली, तिला रस्सा हवा होता. शेवटी बटाट्यात वाटण घातलं.

एक विचित्र आहे. नदीचे म्हणाली, पण एकाच्याही उंचवट्यावर वाळूची घासण नाही. चिरेत काळा गाळ आहे. उद्या नीट पाहीन.

१० एप्रिल, मंगळवार

गोमाजीची आई गिरजाबाई आज दुपारी वारली. काल संध्याकाळी त्यांच्याकडे धुरपताचे शिंपले शिजले होते. आधी उलट्या, मग अंगाला झटके, तोंडाला फेस. गोमाजीच्या दोन्ही पोरांनाही तेच झालं, त्यांना बैलगाडीतून अड्याळच्या दवाखान्यात नेलं आहे. गोमाजी स्वतः जेवला नव्हता, त्याचा उपास होता. आणखी दोन घरांत माणसं आजारी आहेत.

बातमी आली तेव्हा विशाखा घमेल्यात हात घालून बसली होती. पाण्यात शिंपले वाजवत होती. मी तिला उचललं ते जवळजवळ फेकलंच. सुमननं तिचे हात, तोंड, केस सगळं धुतलं, परत धुतलं. पाणी प्यायली का, विचारलं. "नाही" म्हणाली. मग "थोडं" म्हणाली. मग परत "नाही". चार वर्षांच्या मुलीला काय विचारणार. तेव्हापासून मी तिच्याकडे बघत बसलो आहे. ती शिंकली तरी उठून तिचं कपाळ चाचपतो.

वाटण आपण बटाट्यात घातलं, एवढं सुमन एकदाच म्हणाली.

११ एप्रिल, बुधवार

विशाखा ठीक आहे. सकाळी पोळी मागून खाल्ली.

गावात एकच बोलणं चाललं आहे, धुरपतानं शिळे, मेलेले शिंपले विकले. कुणीतरी तिच्या झोपडीवर दगड मारले. ती दारातच बसून होती. मी लांबून पाहिलं, जवळ जायचं धैर्य झालं नाही. शेजारच्या मंगलाबाईनं तिला तोंडावर विचारलं, "कोणत्या डबक्यातले आणले होते वं, सांग." धुरपता म्हणाली, "नदीचे. ताजे होते. मिटलेले होते." तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मिटलेला शिंपला जिवंत असतो, आणि जिवंत असतो तो चांगला, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. मीही तसंच समजत आलो.

नत्थू आत बाजेवर पडून होता, ओकाऱ्या काढत. लोक म्हणाले, स्वतःच्या बायकोचंच खाल्लं. पण धुरपता मंगलाबाईला म्हणाली की त्यानं दोन दिवसांत काही खाल्लंच नाही.

पुंडलिकरावांनी तलावाला काट्यांचं कुंपण घालायला माणसं लावली आहेत. गाळ काढायचा आहे, गुरं नको उतरायला, म्हणाले. एवढ्या गडबडीतही त्यांना गुरांची काळजी आहे.

घमेल्यातले शिंपले फेकू का? सुमन म्हणाली, "फेकू नका. झाकून ठेवा." कारण विचारलं तर म्हणाली, "असू द्या."

१३ एप्रिल, शुक्रवार

पुंडलिकरावांनी वाड्यावर बोलावलं. चहा दिला, आमच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या कपात. तो कप मला ओळखता येतो, त्याचा कान तुटलेला आहे.

म्हणाले, "सोमवारी ठाण्यातला जमादार येऊन राहिला चौकशीले. गोमाजीच्या उकिरड्यावरची टरफलं त्यानं जमा केली. त्याले मी सांगतलं, आमचे सर शिंपल्याचेच अभ्यासक हायेत. नदीचे होते एवढं सांगा, झालं. थे बाई तर सोताच म्हणून राहिली नदीचे. तुमाले वेगळं काय सांगाच लागते?"

मी म्हणालो, बघून सांगतो.

"पाहा ना. पाहाले काय लागते." हसले. "तुमची ऑर्डर मी लिहून ठेवली. सही तेवढी बाकी हाये."

घरी आलो. नदीचे असोत की तलावाचे, या माणसाला त्याचं काय, हे मला कळेना. सुमनला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्याईले काय फरक पडते थे विचारू नका. कोणाले फरक पडते थे पाहा."

१४ एप्रिल, शनिवार

आज जयंती. वस्तीत मिरवणूक निघाली, मुलांनी निळे झेंडे लावले होते. दरवर्षी मला दोन शब्द बोलायला सांगतात. या वेळी घसा बसला आहे असं सांगितलं. विशाखा झेंडा घेऊन पुढं चालत होती. मी मागून चालत होतो, सगळ्यांच्या मागून.

गोमाजीची धाकटी पोरगी अजून शुद्धीवर नाही. थोरला सुधारतो आहे.

१५ एप्रिल, रविवार

सुमननं काल घमेल्यातला एक नुकताच मेलेला शिंपला परसात पुरायला टाकला होता. पुरायच्या आधीच शेजारच्यांच्या कोंबडीनं टोचून खाल्ला. आज सकाळी कोंबडी मान मुरगाळून पडली होती. म्हणजे शिळेपणाचं काही नाही. बाकीचे घमेल्यात अजून जिवंत आहेत, हात लावला की मिटतात.

दार लावून घेतलं. नाकाला फडकं बांधून तीन शिंपले उघडले. खिडकीपाशी धरून बिजागरी पाहिली. पात्यासारखा पातळ दात. तिन्हींचा. आतून निळसर झाक. तलावाचे.

मग शंका आली. नदीच्या काठी पाणी साचून राहतं, तिथं ही जात आली असेल तर? लहान आहेत, माझी नजर चुकली तर? माझ्या वहीतली दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. पुन्हा पाहिलं. उजेडात नेलं, सावलीत आणलं. मला चूक सापडायला हवी होती. चूक सापडली असती तर उद्या नदीचे म्हणता आलं असतं.

चूक नाही.

तलावाचे असतील तर तलावातच काहीतरी आहे. आणि तिथं कुंपणाला वाट पाडून उद्या कुणीतरी बाई पुन्हा उतरेल, आजीच्या काळापासून उतरतात तशी. हे डोक्यात आलं आणि मी शिंपले झाकून ठेवले. जेवण गेलं नाही.

१६ एप्रिल, सोमवार

घडलं तसं लिहितो.

शिक्षकांच्या खोलीत जमादार, पुंडलिकराव, मुख्याध्यापक. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते. धुरपता व्हरांड्यात जमिनीवर बसली होती, आतलं सगळं तिला ऐकू येत होतं. गोमाजी दाराशी उभा, डोकं भादरलेलं.

जमादारांनी फडक्यातली टरफलं टेबलावर ओतली. "सांगा सर. नदीचे का तलावाचे?"

मी एकेक उचललं. मला किती वेळ लागला ठाऊक नाही.

पुंडलिकराव म्हणाले, "लहान हायेत थे, मास्तर. लहानात चूक होऊ शकते, तुमीच म्हणता ना?"

"होऊ शकते," मी म्हणालो.

"मंग काय लिहू?" जमादार म्हणाले. "होऊ शकते असं लिहू? बाईले घेऊन जायचं का नाही एवढं सांगा."

मी दाराकडं पाहिलं. गोमाजी माझ्या हाताकडं बघत होता. माझ्या मनात काही मोठं आलं नाही. विशाखाचे ओले केस आले, एवढंच. मी टरफल जमादारांपुढं धरून दात दाखवला, मग खिशातलं नदीचं टरफल काढून त्याचा दाखवला. "तलावाचे," म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

व्हरांड्यातून धुरपता ओरडली, "नदीचे होते. मी काढले, मले ठाव नसंल का?"

मला वाटलं, भीतीनं ती खोटं बोलते आहे. तलावात चोरून उतरली म्हणून.

जमादारांनी विचारलं, "तलावात काय झालं असंल?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. फळीवरचा डबा मला आठवत होता. त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

पुंडलिकराव जराही गडबडले नाहीत. पानाला चुना लावत म्हणाले, "तलावाचे असतीन तर नत्थूले विचारा. राखण थोच करते. मासे चोराले काही ओतलं असंल त्यानं. माया माघारी काय होते मले काय ठाव?"

तासाभरात नत्थूला जीपमध्ये घालून नेलं. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. मी एका बाईला वाचवलं असं वाटून घरी आलो होतो, तोवर हे झालं.

१७ एप्रिल, मंगळवार

धुरपता आली. ओसरीवर चढली नाही, अंगणात उभी राहिली. सुमननं पाणी दिलं, तिनं घेतलं नाही.

"सर, तुमाले कोणी बोलाले सांगतलं होतं?"

मी म्हणालो, तुझ्यावर आळ येत होता.

"येत होता तर येऊ द्यायचा होता. मले गावाबाहेर काढलं असतं. मी पवनीले भावाकडं गेली असती, तिथंही नदीच हाये. आता थो आत हाये. ओकून राहिला आणि आत हाये."

"तुला माहीत होतं? तलावात—"

"शिंपले काढले तवा नव्हतं माहीत. थो पडला होता घरी, बोलेच ना. मासे गेले, गाळ उघडा पडला, शिंपले मिटलेले. मी म्हटलं जिते हायेत. सरकारी बंदी थोडी होती, पुंडलिकरावची होती. म्हणून सगळ्याईले नदीचे म्हणून सांगतलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी घरी शिजवाले ठेवले तवा त्यानं गंज लाथेनं पाडला आणि सांगतलं. तवर म्हातारीच्या घरी जेवणं झाले होते."

म्हणजे नत्थूनंच ओतलं. राखेनं घासलेले हात, लाल डोळे, न खाता आलेल्या ओकाऱ्या. हे सगळं या वहीत मीच लिहून ठेवलं आहे, आणि त्यापुढं मोहाची जास्त झाली असावी असंही लिहिलं आहे.

सुमननं विचारलं, "त्याच्या मनानं ओतलं का?"

धुरपता तिच्याकडं बघून म्हणाली, "मजुरीनं ओतलं. डबा कोणाचा होता थे सरले माहीत हाये. सरच्याच खोलीत होता ना?"

ती गेल्यावर सुमन आत निघून गेली. फळीवरचा एक डबा गेला हे मी तिलाही सांगितलं नव्हतं.

मी अर्धंच खरं बोललो. अर्ध्यानं नत्थूला धरलं आणि उरलेल्या अर्ध्यानं पुंडलिकरावांना सोडलं. पूर्ण बोललो तर नोकरी जाईल, हे घर त्यांच्या भावाचं आहे तेही जाईल. आणि माझ्या एकट्याच्या बोलण्याला विचारतो कोण? डबा त्यांच्याच सांगण्यावरून गेला हे मी पाहिलेलं नाही. खोलीच्या किल्ल्या दोन. एक माझी. उद्या ते म्हणतील, मास्तरनंच दिला.

हे आत्ता लिहिताना सुचलं.

१८ एप्रिल, बुधवार

मधल्या सुट्टीच्या आधी गोमाजीपाशी गेलो. तो घंटेखाली हातोडी घेऊन उभा होता. काल रात्री त्याची पोरगी शुद्धीवर आल्याचं कळलं होतं, त्यावरून बोलणं सुरू केलं. तिनं पाणी मागितलं म्हणाला. मग मी विचारलं, "गोमाजी, विज्ञानाच्या खोलीतला फळीवरचा डबा कुणी काढला?"

"मीच," तो सहज म्हणाला. "मालकानं सांगतलं, नत्थूले दे म्हणून. तलावावर नेऊन दिला. सांडला जरासा. काहून?"

माझी नजर त्याच्या भादरलेल्या डोक्यावर गेली.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग घंटेकडं. मग म्हणाला, "सर, शिंपले तलावाचे होते म्हणता तुमी."

"हो."

"पक्के?"

"पक्के."

"तुमी त्या दिवशी दात दाखवला, थो मले नाही समजला. तुमाले समजला ना?"

"समजला."

हातोडी त्यानं पायरीवर ठेवली, हळूच, आवाज न करता. आणि फाटकातून निघून गेला. सुट्टीची घंटा झालीच नाही. सगळे वर्ग तसेच चालू राहिले. शेवटी मुलंच बाहेर आली.

आता माझं काय होईल? तो सरळ वाड्यावर गेला असेल. त्याची नोकरी, त्याचं घर, त्याच्या बापाची नोकरी, सगळं त्यांच्याच कृपेचं. संध्याकाळी पुंडलिकरावांचा माणूस दारावरून दोनदा गेला. सुमननं कडी लावून घेतली आहे. तिनं न सांगता एका पिशवीत विशाखाचे कपडे भरले, घमेल्यातले उरलेले शिंपले मीठ घातलेल्या बरणीत टाकले आणि माझी चित्रांची वही त्यावर ठेवली.

"अड्याळले जाऊ," म्हणाली. "ठाण्यात. तिथं नाही ऐकलं तर भंडाऱ्याले."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. मले आईकडं शेणाच्या गोवऱ्या थापता येते. तुमाले काय येते?"

मी म्हणालो, शिंपले ओळखता येतात. ती हसली. या आठवड्यात पहिल्यांदाच.

१९ एप्रिल, गुरुवार

निघायच्या आधी चार ओळी. ही वहीही बरोबर नेतो आहे. घरी ठेवली तर परत मिळेल असं वाटत नाही.

सकाळी सायकल काढायला गेलो. दोन्ही चाकांची हवा सोडलेली, वॉल्व काढून नेलेले. भिंतीवर काही लिहिलं नाही, दगड मारला नाही, फक्त वॉल्व. कुणी केलं हे शोधायची गरज नाही. मी खरंच घाबरलो. हे लिहायला लाज वाटत नाही आता. घरात येऊन सांगितलं, आज राहू दे. सुमननं पिशवी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात कडी वाजली. मी उघडत नव्हतो. विशाखानं फटीतून पाहिलं आणि म्हणाली, "टकलू काका."

गोमाजी होता. डोक्यावर फडकं, खांद्यावर गोणपाट, त्यात काहीतरी चौकोनी. खाली ठेवलं तेव्हा तो उग्र वास आला. फळीवरचा दुसरा डबा, भरलेला. त्याच्या मागं, बाभळीखाली धुरपता उभी होती. गोमाजीनं तिला आणलं होतं की ती आपणहून आली होती, मी विचारलं नाही. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती.

"माया हातानं दिला मी थो डबा," गोमाजी म्हणाला. "माया मायच्या ताटात गेला थो. चला, सांगून येऊ."

मी म्हणालो, सायकल बंद आहे.

"सायकल काहाले लागते जी? रस्ता त उघडा हाये."

सुमननं पिशवी उचलली आहे. विशाखा धुरपताच्या कडेवर गेलीसुद्धा. अड्याळपर्यंत पायी मी कधी गेलेलो नाही. रस्ता पुंडलिकरावांच्या वाड्यासमोरून जातो.